दुर्गम गावाचे स्वावलंबन : बांधलेले राखायचे कोणी?

कानकाठी

नमस्कार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, जिथे सपाट शेती संपून डोंगर सुरू होतो, तिथे आमचे गाव आहे. मूळ गाव आणि त्याला जोडलेले पाडे मिळून एक ग्रामपंचायत, वस्ती मुख्यतः कोकणा आणि भिल्ल समाजाची, शेती बहुतेक कोरडवाहू. नोकरीधंद्याच्या निमित्ताने नाशिक, पुणे आणि सुरतेला स्थायिक झालेल्या आम्हा काही मंडळींनी दर वर्षी ठरावीक वर्गणी काढून ती गावाच्या कामी लावायची, असे ठरवले आहे. रक्कम डोळे दिपवणारी नाही, मात्र ती दर वर्षी येत राहील एवढी खात्री आहे.

आता खर्च कशावर करायचा, यावरून मंडळात दोन तट पडले आहेत. सौर पथदिवे, सभामंडप, शाळेला संगणक, व्यायामशाळा अशा सूचना आल्या. सर्वांत जास्त हात वर झाले ते आणखी एक सिमेंट बंधारा बांधण्याच्या सूचनेला. माझी अडचण तिथेच आहे, कारण गावाच्या खालच्या अंगाला कोल्हापूर पद्धतीचा, म्हणजे खांबांच्या मध्ये फळ्या बसवून पाणी अडवायचा, एक बंधारा आधीपासून उभा आहे आणि तो पाणी अडवत नाही. खांब शाबूत आहेत. फळ्यांपैकी काही चोरीला गेल्या, उरलेल्या ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत गंजत पडल्या आहेत, आणि त्यांच्या कडेची रबरी पट्टी उंदरांनी कुरतडल्यामुळे त्या बसवल्या तरी पाणी फटींतून निघून जाते. परतीचा पाऊस ओसरला की फळ्या बसवायच्या आणि मृगाआधी काढून ठेवायच्या, एवढेच काम आहे. ते कोणी करायचे, हे मात्र कुठेच लिहिलेले नाही. ज्या कार्यालयाने बंधारा बांधला ते म्हणते की आम्ही तो हस्तांतरित केला, ग्रामपंचायत म्हणते की आमच्याकडे यासाठी तरतूद नाही, आणि ज्यांच्या शेताला पाणी मिळाले असते ते म्हणतात की काम सरकारचे आहे.

म्हणून जाणकारांना विचारतो. खानदेशातील ज्या दुर्गम गावांनी स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा प्रयत्न केला, तिथे आधी काय झाले आणि नंतर काय? बाहेरून येणारा पैसा कुठे लावला तर तो गावाला लाचार करत नाही?

जुना_पाटकरी

कानकाठी भाऊ, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे फळ्यांची तुमची कथा मला नवी नाही. मात्र तुम्ही ज्या प्रश्नावर अडला आहात त्याचे उत्तर फड पद्धतीच्या रूपाने तुमच्याच तालुक्यात तीनशे-चारशे वर्षे नांदत होते, आणि त्याची आठवण नव्या पिढीला राहिलेली नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पांझरा नदीवर, तसेच शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम या नद्यांवर, एकाखाली एक असे दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून निघालेला पाट शिवारात येतो आणि त्याखालची जमीन सहसा चार फडांत, म्हणजे चार भागांत, विभागलेली असते. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचे. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एकाच ठिकाणी नसून प्रत्येक फडात थोडी थोडी असते. कागदावर पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हे तुकडे म्हणजे मागासलेपण वाटते, पण सगळी व्यवस्था त्यावरच उभी आहे. नदीला पाणी कमी आले की गाव बसून ठरवते की यंदा अमुक फड कोरडा ठेवायचा, आणि तो कोरडा राहिला की प्रत्येकाचा थोडा तुकडा कोरडा राहतो. टंचाई कोणा एकाच्या माथी मारली जात नाही, त्यामुळे ती सहन करण्याबद्दल एकमत होऊ शकते.

दुसरी गोष्ट माणसांची. शेताला पाणी देण्याचे काम शेतकरी स्वतः करत नाही. ते पाटकरी करतो. पाटकऱ्यांवर देखरेख ठेवायला हवालदार असतो आणि पिकात गुरे शिरू नयेत म्हणून जागल्या असतो. या सर्वांचा मोबदला शेतकरी पिकाच्या रूपाने देत असत, म्हणजे पाणी नीट पोहोचले तर पाटकऱ्याच्या घरी धान्य जास्त येई आणि पाणी मधेच कोणी पळवले तर त्याचेही नुकसान होई. पाटातला गाळ काढायचा झाला तर ज्याची जितकी जमीन त्याने तितकी माणसे पाठवायची, हा दंडक होता. या व्यवस्थेत सरकारी पगारावरचा एकही माणूस नव्हता, आणि बंधाऱ्याचा दगड निखळला तर तो कोणाच्या अखत्यारीत येतो, असा प्रश्न कोणाला पडत नसे.

ही पद्धत मोडली ती लोक बिघडले म्हणून नव्हे. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली आणि पाणी कधी सोडायचे हे गावाच्या हातून गेले. नंतर विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याच्या विहिरीला पाणी लागले त्याला फडाच्या बैठकीला येण्याचे कारण उरले नाही, आणि असे मातब्बर शेतकरी एकेक करून बाजूला झाले तशी पाटकऱ्याची मिळकत आटली. त्याची मुले सुरतेला गेली.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. तुमच्या मंडळाचा पहिला पैसा सिमेंटवर न घालता, बंधाऱ्याचे लाभधारक कोण, त्यांनी देखरेखीच्या माणसाला काय द्यायचे आणि ते न देणाऱ्याचे काय करायचे, हे ठरवण्यावर घाला. या कामाला पैसा फारसा लागत नाही, धीर मात्र भरपूर लागतो.

तापीपात्र

पाटकरी काकांबद्दल आदर बाळगून असहमती नोंदवतो. वाटपाची व्यवस्था कितीही न्याय्य असली तरी वाटायला पाणी तर पाहिजे. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून नाले रुंद आणि काही ठिकाणी ४० फुटांपर्यंत खोल करून, त्यांवर विनादरवाजाचे, म्हणजे फळ्या नसलेले, सिमेंट बंधारे बांधण्याचे काम झाले. दरवाजेच नाहीत म्हटल्यावर ते बसवण्याचा आणि चोरीला जाण्याचा प्रश्न मुळातून निकाली निघतो, याकडे धागाकर्त्याने लक्ष द्यावे.

या कामामागचे शास्त्र सोपे आहे. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात वरचे चिकणमातीचे थर पाणी खाली जाऊ देत नाहीत आणि बेसाल्टच्या भागात वरचा न झिजलेला खडक तेच करतो, त्यामुळे पाऊस पडूनही विहिरी कोरड्या राहतात. तो अडथळा ओलांडून पाणी खाली उतरवले की भोवतालच्या विहिरींना महिनोन्‌महिने पाणी टिकते. ज्या शेतकऱ्यांनी मोटारी काढून ठेवल्या होत्या त्यांनी त्या पुन्हा बसवल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. गाव स्वावलंबी व्हायचे तर आधी त्याच्या पोटात पाणी हवे. समित्या आणि नियम त्यानंतर.

जुना_पाटकरी

तापीपात्र, शिरपूरच्या कामाने विहिरींना पाणी आले, हे मी नाकारत नाही. माझे दोन प्रश्न आहेत. पहिला जागेचा. तिथला भूगर्भ आणि पश्चिम साक्रीचा उताराचा, पातळ मातीचा, कातळाचा प्रदेश यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उतारावर एका ठिकाणी खोल खड्डा घेण्यापेक्षा माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, दगडी बांध आणि गवत या क्रमाने येणे तिथे स्वस्त पडते आणि मातीही जागेवर राहते. पायथ्याच्या नाल्यापासूनच सुरुवात केली तर वरून येणारा गाळ तो पाहता पाहता भरून टाकतो, आणि मग पुन्हा यंत्र लावायला पैसे कोण देणार, हा माझाच मुद्दा तुमच्यासमोर उभा राहतो.

दुसरा प्रश्न मालकीचा. जमिनीत मुरवलेले पाणी वर काढतो तो विहीरवाला. ज्याला विहीर नाही, किंवा जमीनच नाही, त्याच्या पदरी काय पडले? नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाणलोटाच्या कामाबरोबरच शेतीसाठी विंधनविहिरींवर बंदी घातली आणि दर वर्षी गावात पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. सगळेजण त्यातला बंधाऱ्यांचा भाग उचलतात, आणि बंदीचा भाग सोयीस्करपणे गाळतात. राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात हजारो गावांत कामे झाली. महालेखापरीक्षकांच्या २०२० साली मांडलेल्या अहवालात भूजल पातळीवर त्याचा अपेक्षित परिणाम दिसला नसल्याचा आणि देखभालीकडे दुर्लक्ष झाल्याचा ठपका आहे. काम वाईट होते असे मी म्हणणार नाही. गावांनी ते आपले मानले नाही, एवढेच म्हणेन.

केळीबाग

रावेर तालुक्यातून लिहीत आहे. इथली चर्चा वाचून थोडी गंमत वाटली आणि थोडा रागही आला. आमच्या शेजारी फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. गांधीजी आले, खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन भरले, साने गुरुजी स्वयंसेवकांसाठी वणवण फिरले. या गोष्टींचा आम्हाला अभिमान आहेच; पण या पट्ट्याला ऊर्जितावस्था आली ती चरख्याने आली नाही, केळीने आली. बाजारपेठ, रेल्वेचे डबे आणि ठिबक संच या तीन गोष्टींनी शेतकऱ्याच्या हाती पैसा दिला. स्वावलंबन म्हणजे गावाने जगाशी फारकत घेऊन आपले आपण पिकवून खाणे असेल, तर ते दारिद्र्याला दिलेले गोंडस नाव आहे. साक्रीच्या डोंगरातल्या मुलाला रस्ता, चांगली शाळा आणि भ्रमणध्वनीला रेंज पाहिजे. त्याला फड नको.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आमच्या रावेर-यावल भागात भूजलाचा उपसा इतका झाला आहे की हे दोन्ही तालुके अतिशोषित गणले गेले. विहिरी आटल्या, मग कूपनलिका आल्या, आणि त्याही दर काही वर्षांनी आणखी खोल कराव्या लागतात. पैसा असूनही पाण्याच्या बाबतीत आम्ही स्वावलंबी नाही. त्यामुळे पाटकरी काकांचा ताळेबंदाचा मुद्दा मी मान्य करतो, बाकीचा भाबडेपणा नाही.

वनभाजी

धाग्याचा विषय पश्चिम साक्री आहे आणि अजून कोणी बारीपाड्याचे नाव घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. कानकाठी यांना ते गाव ठाऊक असणारच, पण इतर वाचकांसाठी लिहितो. या भागात मी बरीच वर्षे शिक्षक होतो.

पिंपळनेरच्या पुढे, गुजरातच्या सीमेलगत असलेला हा कोकणा वस्तीचा छोटा पाडा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भोवतालचे जंगल तुटून डोंगर उघडे पडले होते आणि पिण्याच्या पाण्यासाठी बायकांना दूरवर जावे लागे. चैत्राम पवार हे गावातलेच पदवीधर तरुण. नोकरीच्या मागे न जाता ते गावात थांबले आणि वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांच्या सोबतीने जंगल राखण्याचे काम सुरू झाले. आज सुमारे ११०० एकर जंगल गावाने राखलेले आहे, झरे व विहिरी वाहत्या झाल्या आहेत आणि पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. २००४ पासून तिथे रानभाज्यांची पाककृती स्पर्धा भरते, तिला लोक लांबून येतात.

पाहुणे भाज्या खाऊन जातात आणि जंगल पाहून हरखतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते सुरुवातीचे साधे नियम. जंगलात बैलगाडी न्यायची नाही, हा त्यातला मुख्य. वाचायला तो किरकोळ वाटेल, पण त्यामागचा हिशोब पाहा. डोक्यावर मोळी आणणारी बाई वाळलेले सरपण आणते. गाडी नेणारा माणूस ओले खोड तोडल्याशिवाय गाडी भरूच शकत नाही. एक झाड मोजायला नको की फांदी मोजायला नको, गाडीची चाकोरी दिसली की नियम मोडला. राखणदाराला वाद घालावा लागत नाही. शिवाय राखणदार गावाने नेमलेला, दंड गावाने ठरवलेला, आणि तो ओळखीपाळखी न पाहता घेतला गेला. शेजारच्या गावांशी यावरून तंटे झाले, कारण जंगल राखणाऱ्या गावाचे सरपण शेजारच्या गावाला लागतेच. पुढे त्या गावांनीही आपापली हद्द राखायला घेतली, तेव्हा तंटे निवळले.

केळीबाग यांच्या आक्षेपाला याच गावाचे उत्तर आहे. बारीपाड्याने बाजाराशी फारकत घेतली नाही. पाणी आल्यावर तिथे सुधारित पद्धतीने भात होऊ लागला, तो विकला जातो, भाजीपाला विकला जातो. मात्र विकायचे किती आणि राखायचे किती, हे गाव ठरवते.

आता दुसरी बाजू. लहान वस्ती, एकच समाज आणि तीन दशके न थकणारा एक माणूस, ही तिन्ही भाग्ये प्रत्येक गावाला लाभत नाहीत. तापीकाठच्या मोठ्या गावात, जिथे सालदार आणि मालक शेजारी राहतात आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीने भावकी दुभंगलेली असते, तिथे बारीपाडा उचलून नेऊन ठेवता येणार नाही.

एक_वाचक

वनभाजी सर, एक शंका. असा दंड जमा होतो तो ठेवतात कुठे? सरपंचाच्या खिशात, असे आमच्याकडचे उत्तर आहे.

ठरावबुक

एक_वाचक यांची शंका थट्टेची असली तरी मुद्द्याची आहे. गेली काही वर्षे मी ग्रामसभांना कायद्याच्या बाबतीत मदत करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

साक्री तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तसाच शिरपूरचा काही भाग, नंदुरबार जिल्ह्याचा बराचसा भाग आणि जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याची चोपडा, यावल व रावेर तालुक्यांतली काही गावे. या क्षेत्राला १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. त्यांनुसार ग्रामसभेला स्वतःचा कोष ठेवता येतो आणि त्यासाठी वेगळी कोष समिती नेमता येते. हा कोष ग्रामपंचायतीच्या खात्याहून वेगळा असतो. दंड, वर्गणी, गौण वनोपजाचे उत्पन्न, शहरातल्या मंडळाची देणगी, हे सर्व तिथे जमा करून खर्चाचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवायचा. पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता हवी असेल तर पाड्याच्या लोकांनी ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवण्याची तरतूदही त्याच नियमांत आहे. ही तरतूद फार मोलाची आहे, कारण चार पाड्यांच्या एकत्र सभेत दूरच्या पाड्याच्या बायका कधी बोलत नाहीत. बहुतेक वेळा त्या पोहोचतच नाहीत.

दुसरे साधन २००६ चा वनहक्क कायदा. वैयक्तिक पट्ट्यांसाठी सगळ्यांनी धावाधाव केली, पण सामूहिक वनहक्काचा दावा करून आपल्या हद्दीतले जंगल राखण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार मिळवणे, हे गावाच्या दृष्टीने अधिक टिकाऊ आहे. तो हातात असला की राखणदाराने अडवलेल्या माणसाला 'तू कोण अडवणारा?' असे विचारता येत नाही.

आणि पैशाबद्दल. आदिवासी उपयोजनेच्या निधीतले पाच टक्के पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय २०१५ साली झाला. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वन व जलसंधारण अशा चार बाबींवर तो खर्च करता येतो. कानकाठी यांनी आधी आपल्या ग्रामपंचायतीला हा निधी येतो का आणि तो कशावर गेला, हे पाहावे. पुष्कळ गावांत हा पैसा पेव्हर ब्लॉक बसवण्यात मुरतो आणि गावकऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. मंडळाने वर्गणीतून जे करायचे ठरवले आहे, त्याला गावाकडेच पैसा असू शकतो.

सातपुडा_ताई

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात बचत गटांसोबत काम करते. इथपर्यंतची सगळी चर्चा पाणी, जंगल आणि कायदा यांची झाली. माणसांच्या हातातल्या रोख पैशाबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते.

आमच्याकडे चैत्र-वैशाखात घरोघरी आमचूर तयार होतो. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरून फोडी करायच्या आणि खडकावर किंवा अंगणात वाळत घालायच्या. फोड पांढरी राहिली तर भाव चांगला. एक वळवाची सर आली, की रात्रीतून फोडी काळ्या पडतात आणि व्यापारी निम्म्यानेही भाव देत नाही. हे काम बायका आणि मुले करतात, त्यांच्या बोटांना कैरीच्या चिकाने चट्टे पडतात. माल मोलगीच्या किंवा धडगावच्या बाजारात जातो. भाव सगळ्यांत पडलेला असतो तो नेमका त्याच दिवसांत, कारण सगळ्या डोंगराचा माल एकदम उतरतो. थोडे महिने थांबले तर जास्त पैसे मिळतील, हे प्रत्येक बाईला माहीत आहे. ती थांबू शकत नाही, कारण बियाण्याला आणि किराण्याला पैसे आत्ताच हवे असतात. पुष्कळदा ज्याच्याकडून किराणा उधार घेतला, तोच आमचूर घेणारा असतो.

संस्था येतात आणि प्रशिक्षण देतात, पाकिटे छापतात, एखादे दळणयंत्र बसवून जातात. आमच्या गटांना खरा उपयोग झाला तो तीन साध्या गोष्टींचा. ताडपत्री, स्वतःचा वजनकाटा आणि माल गहाण ठेवून उचल देणारा गटाचा पैसा. बाईने माल गटाच्या खोलीत ठेवायचा, काट्यावर वजन करून वहीत लिहायचे, चालू भावाच्या काही हिश्श्याइतकी रक्कम लगेच घेऊन जायची, आणि पावसाळ्यानंतर माल विकला की उरलेले पैसे घ्यायचे. व्यापारी अजूनही तेच आहेत आणि त्यांच्याशी आमचे वैर नाही. पण आता ते आमच्या काट्यावर माल मोजतात. मोहफुलांचेही असेच करता येते, फक्त ती साठवताना ओल धरणार नाही याची जास्त काळजी घ्यावी लागते.

हे स्वावलंबनाच्या धाग्यात सांगण्याचे कारण असे, की हाताशी पैसा नसला की दिवाळीच्या सुमारास मुकादम येतो, उचल देतो आणि अख्खे कुटुंब कोयता घेऊन बारडोलीकडच्या उसाच्या फडात जाते. घराला कडी लागते, मुलाची शाळा सुटते. ज्या गावातली निम्मी माणसे होळीपर्यंत बाहेर, त्या गावात फळ्या कोण बसवणार आणि पाटकरी कोण होणार? शहाद्याला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या साथीदारांनी सावकाराकडे गेलेल्या जमिनी परत मिळवण्यापासून लढा सुरू केला, त्यामागे हेच शहाणपण होते. माणूस उचलीत अडकलेला असला की त्याची मेहनत त्याची राहत नाही, मग ती श्रमदानाला कुठून येणार?

आणखी एक उदाहरण लिहिते, ते सुखाचे नाही. आमच्या तालुक्यात बिलगावला उदई नदीच्या धबधब्यावर गावकऱ्यांनी बाहेरच्या जाणकार मित्रांच्या मदतीने आणि स्वतःच्या श्रमदानाने १५ किलोवॅटचा लहान वीजप्रकल्प उभारला. २००३ साली गावात दिवे लागले. चालवणारी माणसे गावातलीच होती. सरकारी तारा पोहोचल्या नव्हत्या त्या काळात गावाने स्वतःची वीज केली. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगलेल्या पाण्याने तो प्रकल्प गिळला. गावाने काहीही चुकवले नव्हते. म्हणून गावाने ठरवले की सगळे होते, असे बोलणाऱ्यांना मी एवढेच विचारते की नदीचे काय करायचे हे ज्यांनी ठरवले, ते कोणत्या ग्रामसभेत बसले होते?

केळीबाग

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझा सूर जरा खाली आला. वजनकाट्याचे म्हणणे शंभर टक्के पटले. आमच्याकडे केळीच्या वजनावरून आणि भावावरून हेच चालते. फरक एवढाच की आमचा आवाज वर्तमानपत्रापर्यंत पोहोचतो.

तापीपात्र

बिलगावच्या उल्लेखाबद्दल धन्यवाद. काकांच्या उताराच्या मुद्द्यावरही विचार केला. पश्चिम साक्रीत माथा ते पायथा हाच क्रम योग्य, हे मान्य. माझे एवढेच म्हणणे की नव्या बंधाऱ्याला सरसकट नकार देऊ नका. वरची कामे झाल्यावर, गाळ थांबल्यावर, पाच-सहा वर्षांनी त्याचा विचार करा, आणि तेव्हा दरवाजे नसलेला बांधा.

कानकाठी

सर्वांचे मनापासून आभार. मंडळाच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. नव्या बंधाऱ्याचा विषय सध्या बाजूला ठेवला आहे. यंदाच्या वर्गणीतून जुन्या बंधाऱ्याच्या नव्या फळ्या व रबरी पट्ट्यांचा निम्मा खर्च मंडळ देईल आणि निम्मा लाभधारकांनी जमवायचा. त्यांनी जमवल्याशिवाय आमचा निम्मा मिळणार नाही, अशी अट घातली आहे. पाच टक्के निधीच्या खर्चाची माहिती ग्रामपंचायतीकडे लेखी मागितली आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे गटाच्या खेळत्या भांडवलासाठी काही रक्कम वेगळी काढावी, यावर मंडळात अजून मतभेद आहेत, कारण काही जणांना त्यात दगडावर नाव कोरायला जागा दिसत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फळ्या राखणाऱ्या माणसाचा मोबदला आजच्या काळात धान्यात ठरवावा की रोखीत? आणि ग्रामसभा कधी घ्यावी?

जुना_पाटकरी

पैशात ठरवा, पण हिशोब पिकाशी जोडा. ज्यांच्या विहिरींना किंवा शेताला या पाण्याचा फायदा होतो त्यांची यादी गटक्रमांकासह करा आणि भिजणाऱ्या एकरामागे दर ठरवा. रक्कम दोन हप्त्यांत घ्या, पहिला फळ्या बसवण्याच्या वेळी आणि दुसरा रब्बीचा माल घरात आल्यावर. दुसरा हप्ता मोठा ठेवा, म्हणजे पाणी शेवटपर्यंत टिकवण्यात त्या माणसाचा स्वार्थ राहील. माणूस शक्यतो बिनविहिरीचा किंवा भूमिहीन निवडा. विहीरवाला नेमलात तर तो आधी स्वतःची विहीर भरेल, यात त्याचाही दोष नाही. आणि उन्हाळ्यात फळ्या ठेवायच्या त्या खोलीला कुलूप दोघांचे असू द्या, किल्ल्या दोन पाड्यांत.

थकबाकीदाराचे काय करायचे, हे पहिल्या वर्षीच लिहून ठेवा. नंतर लिहायला गेलात तर ते कोणा एकावर रोखून लिहिल्यासारखे होते आणि भांडणाला निमित्त मिळते.

सातपुडा_ताई

ग्रामसभेची तारीख दिवाळीच्या आधीची धरा, मुकादमाच्या गाड्या गावात यायच्या आत. त्यानंतर बोलावलीत तर सभेला विहीरवालेच उरतील आणि दर तेच ठरवतील. वेळ संध्याकाळची ठेवू नका. बायकांची चूल तेव्हाच पेटलेली असते. आणि ज्या पाड्यावरून माणसे सर्वांत कमी येतात, त्याच पाड्यावर सभा घ्या, मूळ गावच्या लोकांना एकदा चढ चढू द्या.